भला मोठा राखणदार कुत्रा जीव कसा लावतो? धनगराच्या वाड्यापासून परभणीच्या गच्चीपर्यंत, समजून घ्या सगळं

तुमच्याही फोनवर असं रील येऊन गेलं असेल. वासराएवढा कुत्रा अंगणात पसरलाय, दोन वर्षांचं लेकरू त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपलंय, मागे एखादं हळवं गाणं वाजतंय. खाली कमेंटचा पाऊस: "असाच पाहिजे", "भावा, पिल्लू आहे का?", "किंमत सांगा".

परभणीत वसमत रोडला किंवा जिंतूर रोडला सकाळी फिरायला गेलात तर अशी कुत्री आता प्रत्यक्षातही दिसतात. पण रीलमध्ये न दिसणारे प्रश्न बरेच आहेत. एवढा दांडगा कुत्रा खरंच माया करतो का? की फक्त भाकरीसाठी जवळ येतो? आणि जीव लावणारा हाच कुत्रा एखाद्या पाहुण्याला फाडायला का धावतो?

याची उत्तरं शोधायला फार लांब जायची गरज नाही. मराठवाड्यातले धनगर पिढ्यानपिढ्या असे कुत्रे सांभाळत आलेत. त्यांचा अनुभव आणि आजचं विज्ञान बऱ्याच ठिकाणी एकच गोष्ट सांगतात. चला, एकेक मुद्दा समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- राखणदार कुत्रा ज्यांच्यासोबत लहानाचा मोठा होतो, त्यांनाच आपलं मानतो. मग ती माणसं असोत, मेंढरं असोत, नाहीतर कोंबड्या.
- त्याची माया उड्या मारण्यात कमी आणि शांतपणे जवळ बसण्यात जास्त दिसते.
- पहिले ३ ते १४ आठवडे सगळ्यात महत्त्वाचे. तेव्हा राहिलेलं नंतर भरून काढणं अवघड जातं.
- साखळीला दिवसभर बांधलेला कुत्रा चांगली राखण करतो, हा गैरसमज आहे.
- परभणीच्या उन्हाळ्यात जाड केसांच्या परदेशी कुत्र्याचे हाल होतात. पिल्लू घेण्याआधी हा विचार करायलाच हवा.

राखणदार कुत्रा म्हणजे नेमका कोणता?

आपण सगळ्यांना सरसकट कुत्रा म्हणतो, पण माणसाने कुत्र्यांकडून वेगवेगळी कामं करून घेतली आणि त्या कामांप्रमाणे त्यांचे स्वभाव घडत गेले.

पहिला प्रकार शिकारी कुत्र्यांचा. आपल्या भागातला कारवान आणि कर्नाटकातला मुधोळ हाउंड हे यातलेच. लांब पाय, सडपातळ अंग आणि वाऱ्यासारखा वेग. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. गावाकडे ही कुत्री शेताची राखणही करतात, पण त्यांचा मूळ पिंड पाठलाग करण्याचा.

दुसरा प्रकार कळप हाकणाऱ्यांचा. बॉर्डर कॉली हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. मालकाच्या शिट्टीवर मेंढरं वळवणं हे त्याचं काम.

तिसरा प्रकार कळप राखणाऱ्यांचा. तुर्कस्तानचा कांगल आणि अकबाश, इटलीचा मरेम्मा, फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा ग्रेट पिरेनीज, कॉकेशियन शेफर्ड, तिबेटी मॅस्टिफ, हिमाचलचा गद्दी आणि काश्मीरचा बकरवाल हे सगळे यात येतात. यांना कोणी हाकायला शिकवत नाही. कळपात राहायचं, कळपासोबत चालायचं आणि परकं काही आलं की मधे उभं राहायचं, एवढंच यांचं काम.

रॉटवायलर, डॉबरमन, बुलमॅस्टिफ हे आणखी वेगळे. ते मुख्यतः घर आणि माणूस राखतात. मालकाच्या इशाऱ्याकडे ते जास्त लक्ष देतात. कळप राखणारा कुत्रा मात्र इशाऱ्याची वाट बघत नाही. डोंगरात रात्री लांडगा आला तेव्हा मालक झोपलेला असायचा, त्यामुळे निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागायचा. शेकडो वर्षं असेच कुत्रे निवडले गेले. म्हणून आज अशा कुत्र्याला "बस" म्हटलं की तो आधी तुमच्याकडे बघतो, मग गेटकडे बघतो आणि त्यानंतर ठरवतो. याला हट्टीपणा म्हणण्यापेक्षा स्वतःच्या डोक्याने काम करण्याची जुनी सवय म्हणणं जास्त बरोबर.

मराठवाड्यातला राखणदार: धनगराचा कुत्रा

जिंतूर, गंगाखेड, पालमच्या बाजूला ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना हे चित्र ओळखीचं असेल. सुगी संपली की रिकाम्या रानात धनगरांचे कळप येतात. शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतो. रात्री वाघूर म्हणजे जाळं लावून मेंढरं आत घेतात. बाजूला बिऱ्हाड, घोडी, कोंबड्या आणि कडेकडेने बसलेली दोन-चार कुत्री.

ही कुत्री कोणत्याही कागदावरच्या जातीत चपखल बसत नाहीत. कुठे कारवानाचं रक्त दिसतं, कुठे गावठी कुत्र्याचं. पण कामाची रीत मात्र ठरलेली असते. दिवसा ती कळपासोबत चालतात आणि सावली मिळाली की पडून राहतात. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागत नाही. एक भुंकला की दुसरा उठतो, मग तिसरा.

समोरचा शत्रूही खराखुरा आहे. महाराष्ट्राच्या माळरानांवर लांडगा अजून टिकून आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे, त्यामुळे त्याला मारणं हा गुन्हा. मेंढरू गेलं तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो, पण पंचनामा होईपर्यंत धनगराचा कळप पुढच्या गावी गेलेला असतो. अशा वेळी मेंढरूही वाचावं आणि लांडगाही जगावा, असा मधला मार्ग म्हणजे चांगला कुत्रा. बऱ्याचदा झटापट होतच नाही. कुत्रा जागा आहे आणि मधे उभा आहे, हे कळलं की लांडगा वाट बदलतो.

मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या रानात असाच एक वाडा उतरला होता. त्यातल्या एका पांढुरक्या कुत्र्याला हात लावायला मी धावलो, तेव्हा धनगर आजोबांनी हाताला धरून मागे ओढलं. म्हणाले, "बाळा, त्याच्या अंगावर जाऊ नको. तू खाली बस. त्याला यायचं तर तो येईल." मी बसलो. कुत्रा त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन माझा हात हुंगला आणि पाठ करून शेजारी बसला. तो माझ्यावर रुसलाय असं मला वाटलं. आजोबा हसले आणि म्हणाले, "रुसला नाही. आता तो तुझ्याकडून बघतोय."

त्या वाक्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी, हा लेख लिहिताना कळला. तो पुढे येईलच.

कुत्र्याला मान देणं आपल्या संस्कृतीतही आहे. खंडोबा हे धनगरांचं आणि मराठवाड्यातल्या असंख्य घरांचं दैवत. खंडोबाच्या टाकावर घोड्यासोबत कुत्राही दिसतो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. तिथे घोडे आणि गाढवांच्या बाजारासोबत श्वान प्रदर्शनही असतं.

मेंढरांवर कुत्र्याची माया जडते तरी कशी?

कुत्रा हा लांडग्याचाच वंशज. मग तो मेंढरू खायचं सोडून ते राखतो कसा?

हा प्रश्न अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजमधले रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनाही पडला होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी तुर्कस्तान, इटली आणि तेव्हाच्या युगोस्लाव्हियातून कळप राखणारी कुत्री आणून त्यांच्यावर दीर्घ प्रकल्प चालवला. चांगल्या राखणदारात तीन गुण लागतात, असं त्यांनी मांडलं. कळपाला इजा न करण्याचा भरवशाचा स्वभाव, कळपावर सतत ध्यान आणि धोका आला की आडवं होण्याची तयारी.

यातला पहिला आणि दुसरा गुण पिल्लू कोणासोबत वाढलं यावर खूप अवलंबून असतो. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून १२-१४ व्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. या काळात ते ज्यांना बघतं, हुंगतं, ज्यांच्या कुशीत झोपतं, ते सगळे त्याच्यासाठी "आपले" होतात. म्हणूनच अनुभवी मेंढपाळ पिल्लाला लवकरच कोकरांमध्ये सोडतो.

हे मेंढरांपुरतंच नाही. ऑस्ट्रेलियात वॉर्नम्बूल शहराजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. ओहोटीच्या वेळी कोल्हे तिथे चालत जाऊन छोट्या पेंग्विनचा फडशा पाडायचे. २००५ पर्यंत पेंग्विनची संख्या दहाच्याही खाली आली. एका कोंबडीपालकाने सुचवलं की माझी मरेम्मा कुत्री कोंबड्या राखतात, मग पेंग्विन का नाही राखणार? २००६ पासून तिथे मरेम्मा ठेवल्या आणि पेंग्विनची संख्या पुन्हा वाढली. यावर पुढे 'ऑडबॉल' नावाचा सिनेमाही आला.

आफ्रिकेतल्या नामिबियात चित्ता संवर्धन निधी ही संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना अशीच तुर्की राखणदार कुत्री देते. शेळ्या वाचल्या की शेतकरी चित्त्याला गोळी घालत नाही. कुत्र्याची माया शेळीवर, पण जीव वाचतो चित्त्याचाही.

विज्ञान काय म्हणतं? कुत्रा खरंच माया करतो का?

"कुत्रा फक्त खाण्यासाठी जवळ येतो" असं म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्यांच्यासाठी तीन अभ्यास.

पहिला हंगेरीतला, १९९८ चा. लहान मूल आईवर किती विसंबून आहे हे तपासण्याची मानसशास्त्रात एक पद्धत आहे. मुलाला अनोळखी खोलीत ठेवायचं, आई थोडा वेळ बाहेर जाते, परकी व्यक्ती आत येते, मग आई परत येते. हाच प्रयोग ५१ मालक आणि त्यांच्या कुत्र्यांवर केला. कुत्र्यांचं वागणं लहान मुलांशी बरंच जुळलं. मालक जवळ असला की ती निवांत खेळायची, तो गेला की दाराशी जाऊन थांबायची.

दुसरा जपानमधला, २०१५ चा. मालक आणि कुत्रा एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं त्यात दिसलं. आई बाळाला जवळ घेते तेव्हा वाढणारं हेच संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र हा परिणाम दिसला नाही.

तिसरा अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातला, २०१६ चा. १५ कुत्र्यांना स्कॅनिंग मशीनमध्ये शांत झोपायला शिकवलं आणि खाऊ व मालकाचं कौतुक यांपैकी कशाने मेंदू जास्त उजळतो ते पाहिलं. फक्त दोघांना खाऊ स्पष्टपणे जास्त प्रिय होता. बाकी १३ जणांना कौतुक खाऊइतकं किंवा त्याहून जास्त आवडलं.

म्हणजे माया खरी आहे. मात्र ती दाखवण्याची प्रत्येक जातीची तऱ्हा वेगळी.

राखणदार कुत्रा माया कशी दाखवतो?

लॅब्रेडॉर घरी आलेल्या कुरियरवाल्यावरही प्रेम करतो. राखणदाराचं तसं नसतं. त्याच्या खुणा शांत असतात.

- अंगावर रेलणं: तुम्ही उभे असताना ५० किलोचा देह तुमच्या मांडीला टेकवतो. धक्का लागून पडायला होतं, पण तो विश्वासाचा भाग आहे.
- पाठ करून बसणं: तुमच्याकडे पाठ आणि तोंड बाहेर. त्याने तुमच्या बाजूला धोका नाही हे मान्य केलेलं असतं, म्हणून तो उरलेल्या दिशांवर लक्ष ठेवतो. धनगर आजोबा म्हणाले होते ते हेच, "तुझ्याकडून बघतोय."
- खोली-खोलीत मागे येणं: स्वयंपाकघरात गेलात तर उंबऱ्यात, गच्चीवर गेलात तर जिन्यात. बसण्याची जागा बहुतेक वेळा अशी, जिथून तुम्ही आणि दार दोन्ही दिसतं.
- मऊ डोळे: पापण्या सैल, तोंड किंचित उघडं, शेपटी मध्यम उंचीवर आणि हळू हलणारी.
- रात्रीची फेरी: झोपण्याआधी घरातल्या प्रत्येकाजवळ जाऊन हुंगून येणं. एक प्रकारची हजेरीच.

या खुणा माया समजून चुकू नका

इथेच बहुतेक अपघात होतात.

शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश, असं नेहमी नसतं. शेपटी ताठ उभी, टोक झपझप हलतंय आणि अंग लाकडासारखं झालंय, तर तो तणावात आहे. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, तोंड फिरवून ओठ चाटणं, झोप नसताना जांभया देणं, हे सगळे "आता पुरे" असं सांगण्याचे प्रकार.

गुरगुरणं ही तर शेवटून दुसरी सूचना. गुरगुरला म्हणून त्याला मारलंत तर तो गुरगुरणं सोडून देईल, पण राग तसाच राहील. पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. "अचानक चावला" असं ज्या कुत्र्यांबद्दल म्हटलं जातं, त्यातल्या बऱ्याच जणांच्या आधीच्या सूचना कोणी ऐकलेल्याच नसतात.

एक सोपी कसोटी लक्षात ठेवा. तीन सेकंद मान किंवा छाती खाजवा आणि हात काढून घ्या. तो जवळ सरकला तर त्याला अजून हवंय. जागचा हलला नाही किंवा बाजूला झाला तर थांबा.

पिल्लू आणल्यापासून जिव्हाळा कसा वाढवायचा?

आठ आठवड्यांआधी नको. आई आणि भावंडांसोबत राहून पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतं. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसारही आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई बघायला मागा. आई भित्री किंवा सारखी अंगावर येणारी असेल तर परत फिरा.

८ ते १४ आठवडे, जग दाखवा. लसीकरण पूर्ण झालेलं नसतं, म्हणून त्याला रस्त्यावर सोडू नका, पण कडेवर घेऊन हिंडा. ऑटोचा आवाज, भाजीवाली मावशी, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, बुरखा, छत्री, लग्नाचा बँड. "राखणदार आहे, माणसांची सवय कशाला लावायची?" असं म्हणून पिल्लाला कोंडून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. ज्याला साधं आणि संशयास्पद यातला फरक कळत नाही, तो सगळ्यांवरच धावतो.

३ ते ६ महिने, हाताने खाऊ घाला. रोजच्या जेवणातला थोडा भाग घरातल्या प्रत्येकाने हाताने द्यावा. ताटाजवळ माणूस आलं की काहीतरी चांगलंच मिळतं, हे त्याच्या डोक्यात बसलं की पुढे ताटावरून भांडण होत नाही.

६ ते १८ महिने, धीर धरा. अंगाने घोडा आणि अकलेने शाळकरी पोरगा, असा हा काळ. मोठ्या जातीचे कुत्रे दीड-दोन वर्षांपर्यंत वाढत असतात. मारलंत तर नातं तुटेल आणि मोकाट सोडलंत तर सवयी बिघडतील. रोज दोन वेळा चालणं, दहा-दहा मिनिटांचं शिकवणं आणि एकच नियम सगळ्यांनी पाळणं. आई नाही म्हणते आणि दादा देतो, असं झालं की कुत्रा दादाच्याच मागे फिरतो.

पाहुण्यांची ओळख. दार उघडल्यावर धरून ठेवून "काही करत नाही हो" म्हणण्यापेक्षा पाहुण्यांना आधी बसू द्या. मग कुत्र्याला पट्ट्यावर आणा. पाहुण्यांनी त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, वरून डोक्यावर हात न्यायचा नाही. घरच्यांनी पाहुण्याला स्वीकारलंय हे त्याने बघितलं की तोही हळूहळू शांत होतो.

आणि साखळी? दिवसभर बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही. मग येणाऱ्या प्रत्येकावर भुंकणं आणि झेपावणं एवढंच त्याच्या हातात उरतं. आपल्याला वाटतं राखण करतोय, प्रत्यक्षात तो घाबरून चिडलेला असतो. धनगराचा कुत्रा शांत का वाटतो? कारण त्याला चालायला रान असतं, सोबतीला कळप असतो आणि करायला काम असतं.

परभणीचा उन्हाळा: प्रेमाची खरी परीक्षा

एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकत शरीर थंड ठेवतो. त्याचं नेहमीचं तापमानच सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश असतं आणि ते ४१ च्या वर गेलं की जिवाला धोका.

तिबेटी मॅस्टिफ, सेंट बर्नार्ड, कॉकेशियन ही बर्फातली कुत्री. त्यांना पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीवर बांधणं म्हणजे लोकरीची घोंगडी पांघरून भट्टीजवळ बसवणं.

- फिरवणं सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळून फरशी थंड झाल्यावरच. तळहात रस्त्यावर पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसेल.
- पाण्याची दोन भांडी ठेवा, दोन्ही सावलीत. एक कलंडलं तर दुसरं असतं.
- दुहेरी केसांच्या कुत्र्याचं मुंडण करू नका. तेच केस उन्हापासून आडोसा देतात. फक्त विंचरून मेलेले केस काढा.
- जोरजोरात धापा, दाट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या अशी लक्षणं दिसली तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर गाठा.

पावसाळ्यात गोचिडांवर लक्ष ठेवा. त्यांच्यामुळे होणारा ताप भल्या दांडग्या कुत्र्यालाही आडवा करतो.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचा आणखी एक धोका म्हणजे पोट फुगून जठराला पीळ पडणं. पोट टम्म फुगलंय, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय पण काहीच पडत नाही, अशा वेळी सकाळची वाट बघू नका. काही तासांतच जीव जातो. दिवसाचं जेवण दोन-तीन वेळांत विभागून द्या आणि जेवणानंतर लगेच पळवू नका. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं चिकित्सालय आहे. तिथल्या वेळा आणि रात्री कोणते डॉक्टर उपलब्ध असतात, हे पिल्लू आणण्याआधीच माहीत करून घ्या.

घरात लहान मुलं असतील तर?

रीलमधलं ते झोपलेलं लेकरू आठवा. कुत्रा चांगला असेलही, पण नियम एकच: लहान मूल आणि मोठा कुत्रा मोठ्या माणसाशिवाय एकत्र नकोत. कुत्र्याने राग धरायलाच हवा असं नाही. ५० किलोचं जनावर आनंदाने वळलं तरी मूल भिंतीवर आपटतं.

मुलांना तीन गोष्टी शिकवा. जेवताना आणि झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही. गळ्यात पडून मिठी मारायची नाही, कारण आपल्याला मिठी प्रेमाची वाटते, कुत्र्याला बऱ्याचदा ती अडकवल्यासारखी वाटते. आणि अनोळखी कुत्रा धावून आला तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं.

राखणदार कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तुमची मुलं त्याची "आपली" असतात, शेजारची नसतात. गल्लीतली पोरं आली, क्रिकेटवरून आरडाओरडा झाला, कोणी तुमच्या मुलाला ढकललं, तर त्याला ते भांडण खरं वाटू शकतं. अशा वेळी त्याला आत ठेवणं हीच सगळ्यांसाठी सुरक्षित गोष्ट.

कायदा काय सांगतो?

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ "आक्रमक" जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखायला सांगितलं होतं. गंमत म्हणजे त्या यादीत पिटबुलसोबत कांगल, अकबाश, कॉकेशियन, सेंट्रल एशियन शेफर्ड अशा मेंढरं राखणाऱ्या जातीही होत्या. संबंधितांचं म्हणणं न ऐकता हे पत्रक काढलं म्हणून एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पण हा विषय बदलता आहे, म्हणून पिल्लू घेण्याआधी ताजी स्थिती तपासा.

जबाबदारी मात्र मालकाचीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कुत्र्याच्या बाजूनेही कायदा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हाही त्याच कलमात येतो.

चावला तर काय करायचं?

घरचा असो की दारचा, नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. लगेच सरकारी रुग्णालयात जा. कातडीत दिली जाणारी रेबीजची लस साधारण ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं, म्हणून डोस चुकवू नका. कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर पहिली रेबीजची लस आणि मग डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस द्या.

पिल्लू घेण्याआधी स्वतःला विचारायचे पाच प्रश्न

१. पुढची आठ-दहा वर्षं मी कुठे असेन? नोकरीसाठी पुण्याला गेलो तर कुत्रा कोणाकडे?
२. रोज दीड तास कोण देणार? आईने, असं उत्तर असेल तर आईला विचारलंय का?
३. महिन्याचं खाणं, लसी, औषधं परवडतील का? मोठ्या कुत्र्याच्या औषधाचा डोसही वजनाप्रमाणे मोठा असतो.
४. पळायला जागा आणि मे महिन्यात थंड कोपरा आहे का?
५. मला राखण हवी आहे की रुबाब? राखणच हवी असेल तर देशी कुत्रा इथल्या हवेत जास्त सुखाने जगतो.

पाचवा प्रश्न महत्त्वाचा आहे. राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ यांच्यानंतर २०२५ मध्ये हिमाचलच्या गद्दी या मेंढपाळ कुत्र्यालाही देशी जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. धनगरांच्या कुत्र्यांकडेही आपण तशाच नजरेने बघायला हवं.

सोडून दिल्यावर काय होतं?

राखणदार कुत्र्याची माया थोड्यांवर असते, पण पक्की असते. म्हणूनच त्याला दुसऱ्याच्या हवाली करणं जड जातं. लॅब्रेडॉर नव्या घरात तुलनेने लवकर रमतो. राखणदार कुत्रा कित्येक दिवस गेटकडे तोंड करून बसतो, खाणं सोडतो, नव्या माणसाला जवळ येऊ देत नाही. मग "बिघडलाय" म्हणून त्याला आणखी पुढे ढकललं जातं. हौस फिटल्यावर हायवेला सोडून दिलेल्या मोठ्या कुत्र्याला गल्लीतली कुत्री टोळीने घेरतात आणि माणसं दगड मारतात. त्याला मात्र अजून वाटत असतं की आपली गाडी परत येईल.

याच्या अगदी उलटं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. बीड पोलिसांच्या पथकात रॉकी नावाचा कुत्रा होता. ३०० हून जास्त गुन्ह्यांच्या तपासात त्याने मदत केली. तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला आणि ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. त्याचा विश्वास जिंकणाऱ्यांनी तो शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळला.

तेव्हा पुढच्या वेळी असं रील आलं आणि बोट "किंमत काय?" टाइप करायला लागलं, तर एक मिनिट थांबा. वरचे पाच प्रश्न घरी सगळ्यांसमोर वाचा. उत्तर "हो" आलं तर पिल्लू जरूर आणा, आणि पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर जाऊ नका. खाली बसा. त्याला यायचं तर तो येईल. मग एखाद्या संध्याकाळी तो तुमच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसेल. तेव्हा समजा, आता तो तुमच्याकडून बघतोय.